शहर बसचा प्रवास फूटपाथपासून मोजताना

कोल्हापुरात शहर बसचा विषय निघाला, की बोलणे गाड्यांची संख्या, तिकिटाचा दर आणि चुकलेल्या फेऱ्या यांपाशी येऊन थांबते. प्रवासी मात्र बसमध्ये चढण्याआधी घरातून निघतो, गल्लीच्या तोंडापर्यंत चालतो, रस्ता ओलांडतो, थांब्यावर उभा राहतो आणि उतरल्यावर पुन्हा चालतो. म्हणून मिरजकर तिकटीपासून बिंदू चौक, लक्ष्मीपुरी, दसरा चौक आणि व्हीनस कॉर्नरमार्गे मध्यवर्ती बसस्थानकापर्यंतच्या प्रवासाचे हे परीक्षण रस्त्यासकट केले आहे. बस लोक समजतात तितकी वाईट नाही. तिला रस्त्याची साथ नाही, असे माझे मत आहे.

बसच्या आतील प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि ही तिची प्रशंसाच समजावी. बाजाराच्या पिशव्या, शाळेची दप्तरे आणि ‘पुढं सरकून घ्या’ हा कंडक्टरचा घोष यांसह ती आपले काम करते, आणि त्याच अंतराला रिक्षा जेवढे घेते त्याच्या अगदी थोड्या पैशांत करते.

पायी चालण्याचा सर्वांत सुखाचा भाग जुन्या पेठांतला आहे, ही गोष्ट नवे रस्ते आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. मंगळवार पेठेतल्या आणि शिवाजी पेठेतल्या गल्ल्या अरुंद आणि वळणाच्या आहेत, घरांची दारे थेट रस्त्यावर उघडतात, कट्ट्यावर कोणी ना कोणी बसलेले असते. त्यामुळे फूटपाथ नसतानाही वाहनाला आपोआप वेग आवरावा लागतो. जिथे माणसे आणि वाहने एकाच जागेत वावरतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे रस्ता सुरक्षेवरील २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. पेठेतली गल्ली हे काम फलकाशिवाय करते. याउलट रुंद चौकात कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवली, की डावीकडे वळणारी दुचाकी वेग न आवरताच वळते आणि ओलांडणाऱ्याला जास्त रस्ता कापावा लागतो.

फूटपाथ असणे आणि त्यावरून चालता येणे यांत बरेच अंतर आहे. पादचारी सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये जे निकष दिले, त्यांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर आणि व्यापारी भागात २.५ मीटर रुंदी मोकळी असावी, असे सांगितले आहे. येथे ‘मोकळी’ या अटीवरच सारे अवलंबून आहे, कारण विजेची पेटी, दुकानाचा फलक, स्टँडवर लावलेल्या दुचाकी आणि झाडाचे आळे वजा केले तर कागदावरचा दोन मीटरचा फूटपाथ एका माणसापुरता उरतो. फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असेही त्याच निकषांत आहे. ती वाढली, की दर दुकानापुढे उतार कापला जातो, आणि चढउताराला कंटाळलेली वयस्कर मंडळी सरळ डांबरावरून चालू लागतात. त्यांना ‘शिस्त नाही’ म्हणणारे बहुधा गाडीत बसलेले असतात.

या प्रवासातला सर्वांत दुबळा दुवा थांबा आहे. बस कडेला घेता यावी म्हणून फूटपाथ आत कापून तिच्यासाठी खोबण करायची, ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. मागची वाहने अडू नयेत, हा त्यामागचा विचार. परंतु मोकळी दिसलेली खोबण रिक्षा, टेम्पो किंवा वडापची (सीटवर प्रवासी घेणारी खासगी) जीप भरून टाकते, बस रस्त्यातच उभी राहते आणि प्रवासी फूटपाथ सोडून वाहनांच्या मधून वाट काढत पायरी गाठतो. साध्या बसचा तळ जमिनीपासून सुमारे ९०० मिलिमीटर आणि खालच्या तळाच्या बसचा ४०० मिलिमीटर असतो, आणि फूटपाथवरून चढले तर ही चढण फूटपाथच्या उंचीइतकी आणखी घटते. म्हणजे महागडी, खालच्या तळाची बस आणूनही माणूस डांबरावरूनच चढणार असेल तर त्या खर्चाचा बराचसा लाभ वाया जातो. खोबणीत शिरलेल्या बसलाही बाहेर पडताना कोणी तरी वाट देण्याची वाट पाहावी लागते.

याला उलटा उपाय आहे: थांब्यापाशी फूटपाथ पार्किंगच्या रांगेइतका पुढे आणायचा. मग बस आपल्या मार्गिकेतच थांबते, तिच्यापुढे कोणाला गाडी लावता येत नाही, निवाऱ्याला चालणाऱ्यांच्या पट्ट्याबाहेर जागा मिळते आणि रस्ता ओलांडण्याचे अंतरही घटते. मागच्या मोटारीला थोडे थांबावे लागेल, हे खरे. पण २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेच वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य दिलेले आहे. व्हीनस कॉर्नर ते स्टेशन रोड या पट्ट्यात हे करून पाहण्यासारखे आहे. लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजाराच्या दिवशी मात्र ते पुरणार नाही. तिथे आधी विक्रेत्यांची जागा ठरवावी लागेल, आणि त्यासाठी २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीची तरतूद केलेली आहे.

सायकलीबद्दल थोडक्यात. पहाटे रंकाळ्याभोवती दिसणारे हेल्मेटधारी आणि उद्यमनगरात कामाला जाणारा डबा अडकवलेला सायकलस्वार यांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि रस्ता आखताना कामाला जाणाऱ्याचा विचार आधी व्हावा. रस्त्यावर नुसता रंगवलेला पट्टा त्याच्या उपयोगाचा नाही, कारण उंचवटा किंवा खांब नसलेला पट्टा लगेच पार्किंग होतो.

व्यापाऱ्यांना पार्किंग गेल्याने गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते, ती खोटी म्हणून उडवून देऊ नये. तरीही नवरात्रात अंबाबाईच्या मंदिराभोवती वाहनांना मज्जाव असतो, तेव्हा महाद्वार रोडवरची गर्दी पायीच येते आणि खरेदीही करते. सणाची गर्दी हा रोजचा दाखला होऊ शकत नाही, हे मान्य. पण चेन्नईच्या पाँडी बाजारात २०१९ पासून फूटपाथ रुंद करून व्यापारी रस्ता पादचाऱ्यांसाठी नव्याने मांडला आहे. आपल्या मंडळींनी तो एकदा पाहून यावा.

रुंद रस्त्यांचा प्रयोग कोल्हापूरने पूर्वी केलेला आहे. रस्ते विकास प्रकल्पातून रस्ते मोठे झाले, त्यापाठोपाठ टोल आला, आंदोलन झाले आणि २०१५ मध्ये टोल बंद करण्याचा निर्णय झाला. त्या साऱ्या वादात पैसे कोणी भरायचे यावर भरपूर बोलले गेले, त्या मानाने ओलांडायचे कुठून यावर फारच कमी.

तूर्त ज्याला हा प्रवास करायचा आहे त्याने सामान कमी असल्यास मिरजकर तिकटी ते बिंदू चौक पायीच जावे, पुढे बस धरावी, आणि पावसाळ्यात छत्रीबरोबर पकड असलेल्या चपला वापराव्यात, कारण फूटपाथवरच्या गुळगुळीत फरश्या ओल्या झाल्या की पाय घसरतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना, चढायची पायरी उंच असेपर्यंत, ही सेवा मी सुचवणार नाही.