सदाशिव पेठेतला सी भाषेचा शनिवारचा वर्ग

कोथरूडला आमच्या सोसायटीचं छोटं वाचनालय आहे. पुस्तकांच्या नोंदींचा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिलाय, प्रत्येक पुस्तकाला फाइलीत ६४ बाइट्स. ३११ नंबरचं पुस्तक कुणी नेलं की ३१२ची नोंद पुसली जायची. महिनाभर कारण सापडेना, म्हणून सदाशिव पेठेत एका सरांच्या वर्गाला नाव घातलं.

सरांनी बाकावर चौकटींची लांब कागदी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर शर्टाचं बटण ठेवलं. पट्टी म्हणजे फाइल, बटण म्हणजे आपण आत्ता आहोत ती जागा. वाचलं की बटण पुढे, लिहिलं तरी पुढे. वाचायचं एक, लिहायचं दुसरं, असं नसतं; बटण एकच! तिथेच मला माझी चूक दिसली. ३११ वाचून होताच बटण ३१२वर सरकत होतं आणि माझी बदललेली नोंद तिथे पडत होती. उपाय एका ओळीचा: एफसीकला, म्हणजे बटण हलवणाऱ्या फंक्शनला, उणे ६४ आणि सीक-कर (आत्ताच्या जागेपासून मोज) द्यायचं, बटण तेवढं मागे येतं. आर-प्लसने, म्हणजे वाचायला आणि लिहायलाही, उघडलेल्या फाइलीत वाचन मधेच थांबवून लिहायचं, तर आधी एफसीक किंवा रिवाइंड (बटण सुरुवातीला नेणं) असं बटण हलवणारं फंक्शन वापरावंच लागतं, हा भाषेचाच नियम आहे.

सीक-सेट सुरुवातीपासून मोजतं. १२००वं पुस्तक हवं? ११९९ गुणिले ६४, म्हणजे ७६,७३६ बाइट्स ओलांडून थेट तिथे. आधीची नोंद एकही वाचावी लागत नाही. सीक-एंडने टोकाला जाऊन एफटेलला बटण कितव्या बाइटवर आहे ते विचारलं, उत्तराला ६४ने भागलं, की एकूण पुस्तकं किती ते कळतं. ए-प्लसने, म्हणजे वाचायला आणि शेवटी भर घालायला, उघडलेल्या फाइलीत मात्र बटण कुठेही न्या, लिहिलेलं शेवटीच जातं. हे सरांनी तीनदा करून दाखवलं, आणि बरं केलं.

एक उणीव सांगायलाच हवी. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे फाइल साधा मजकूर म्हणून उघडली की, ओळीच्या शेवटी फाइलीत दोन बाइट्स पडतात, प्रोग्रॅमला दिसतो एकच, आणि सगळी मोजणी चुकते. वर्गात निम्मे विंडोजवाले असूनही हे पाच मिनिटांत उरकलं. त्याला अख्खा तास हवा होता. खोलीत बारा जणांची दाटी होते, गाडी लावायला जागा नाही. मी बसनेच जायचे. सहा शनिवारांचे २,४०० रुपये रास्त वाटले.

जाताना आपली अडलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा. सर तीच उघडतात आणि बाइट न् बाइट वाचून दाखवतात.