अर्का रक्षक, पुसा रुबी, अर्का विकास: कृष्णाकाठी कोणता टोमॅटो?

वाळवा, मिरज किंवा कोरेगावच्या काळ्या रानात, ठिबकवर विक्रीसाठी लावायचा असेल तर अर्का रक्षक उजवा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा हा संकरित वाण पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. फळ 90 ते 100 ग्रॅमचं, गडद लाल, टणक. क्रेटमध्ये तळाचा माल फुटत नाही. पण प्रतिकारक म्हणजे फवारणी बंद, असं नव्हे! उशिराचा करपा पावसाळी ढगाळ हवेत यालाही गाठतो आणि फळ पोखरणारी अळी तर वाण बघतच नाही. उत्पन्न हवं तर बांबू-तारेचा मांडव लागतोच, आणि खर्च तिथेच वाढतो. बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

पुसा रुबी चवीला आंबट, रसाळ. आमटी-साराला झकास, पण साल पातळ, त्यामुळे लांबच्या बाजाराला नको. परसबागेत लावा, बीही घरचं धरता येतं.

अर्का विकासही पुसा रुबीसारखा सरळ, म्हणजे संकरित नसलेला वाण. फळ 80-90 ग्रॅमचं, पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतो. खटाव-माणकडे आधी हाच बघावा.

फळाचं बूड काळं पडलं तर बियाणेवाल्याला दोष देऊ नका. पाणी कधी तुंबवून, कधी ताणून दिलं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. काळ्या रानात हे जास्त दिसतं. ठिबक रोज थोडं चालवा. कॅल्शियम नायट्रेट फॉस्फरसयुक्त किंवा सल्फेट खतात कधीच मिसळू नका, साका होऊन ड्रिपर चोंदतात.