जुळे सोलापुरातलं बागप्रेमी मंडळ: वर्गणी वसूल होते का?

सोलापुरात कुंडीतलं झाड मरतं ते बहुतेक वेळा तीन कारणांनी: काळी माती, बोअरचं पाणी आणि मार्च ते जूनचं ऊन. पुण्याकडची किंवा कोकणातली बागकामाची माहिती इथे जशीच्या तशी लावली की हमखास फसते. आपल्या जिल्ह्यात वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, आणि मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर. जुळे सोलापूर आणि विजापूर रोड भागातल्या लोकांनी चालवलेलं हे छोटं मंडळ या तीन अडचणी समोर ठेवूनच वर्षाचं काम आखतं. सभासद व्हावं की नाही असं विचारणाऱ्यांसाठी, तिथे नेमकं काय शिकायला मिळतं आणि कुठे कमी पडतं, ते लिहीत आहे.

वर्गणी वर्षाला ६०० रुपये, एका घराला एकच. महिन्यातून एक रविवार, सकाळी ७ ते ९, दर वेळी वेगळ्या सभासदाच्या गच्चीवर. चहा यजमानांकडे, बाकी खर्च मंडळाचा.

सगळ्यात मोलाचा वर्ग जूनमधला, कुंडी भरण्याचा. सुरुवातीला दोन कुंड्या मांडतात: एकीत नुसती काळी माती आणि शेणखत, दुसरीत मंडळाचं मिश्रण. दोन्ही चार दिवस बिनपाण्याच्या. दोन्हींत तांब्याभर पाणी ओततात. काळ्या मातीच्या कुंडीतून अर्ध्या मिनिटात खालून धार लागते आणि बघणाऱ्याला वाटतं, निचरा किती छान! मग ती कुंडी पालथी करून मातीचा गड्डा मधोमध फोडतात. बाहेरून बोटभर ओला, आत ठणठणीत कोरडा. काळी माती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून निसटून जातं, मुळांपर्यंत पोचतच नाही. रोज पाणी घालूनही झाड का सुकतं, याचं उत्तर त्या एका फोडलेल्या गड्ड्यात आहे. हे एवढं नीट दाखवून देणारं दुसरं ठिकाण शहरात सापडणं कठीण.

मिश्रण असं: चाळलेली माती ३ घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३ घमेली, धुतलेलं कोकोपीट २ घमेली, जाड वाळू १ घमेलं, आणि या सगळ्यात निंबोळी पेंड साधारण अर्धा किलो. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते कुजलेलं नाही. तसं खत घातलं की कुंडी आतून तापते आणि हुमणीही येते. कुंडी काठापासून दोन इंच रिकामी ठेवायची, नाहीतर पाणी घालायला जागाच उरत नाही. तळाशी खडीचा थर द्यायची आपल्याकडची जुनी सवय मंडळ मोडायला लावतं, आणि ते बरोबर आहे. खडीमुळे निचरा सुधारत नाही, ओल खडीच्या वर अडून राहते आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी पुरे.

कोकोपीटवर इथे जेवढा जोर देतात तेवढा हवाच. ५ किलोची वीट २५ लिटर पाण्यात भिजवायची, फुगली की पिळायची, ते पाणी फेकायचं, आणि असं निदान दोनदा करायचं. त्यात मीठ असतं. शेवटच्या धुण्याचं पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं छोटं यंत्र) मोजायचं. आकडा मूळ पाण्याच्या जवळ आला की कोकोपीट वापरायला तयार. न धुता वापरलं तर टोमॅटो-मिरचीच्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि लोक रोग समजून औषध मारत बसतात.

पाण्याचा वर्ग त्याला जोडूनच येतो. प्रत्येकाने घरच्या पाण्याची बाटली आणायची आणि मीटरवर मोजून घ्यायची. हजाराच्या वर आकडा दाखवणारी बोअरची बाटली दर वेळी एक तरी निघतेच. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी खार दिसते ती याच पाण्याची. उपाय सोपा आहे, पण पाणी मागतो: महिन्यातून एकदा, नळाला पाणी येईल त्या दिवशी, १२ इंची कुंडीला १५ ते २० लिटर गोडं पाणी तीन टप्प्यांत हळूहळू द्यायचं आणि खालून वाहून जाऊ द्यायचं. कुंडीखाली ताटली असेल तर आधी काढायची, नाहीतर धुतलेली खार पुन्हा वर चढते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात वीस लिटर ही थट्टा नाही, म्हणून पावसाचं पाणी साठवा असं मंडळ पुन्हापुन्हा सांगतं. हिशेब सरळ आहे: १०० चौरस फूट गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ९० लिटरांच्या आसपास पाणी मिळतं. पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, नंतरचं पिंपात. एसीतून गळणारं पाणी झाडांना चालतं. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी मात्र घालू नये; गाळून उरलेला सगळा क्षार त्यातच असतो. हे शेवटचं वाक्य शहरातल्या प्रत्येक गच्चीवर लिहून लावायला हवं.

मोगरा, जास्वंद, लिंबू, गुलाब यांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे दृश्य इथे घरोघरी दिसतं. लोक नत्र कमी समजून युरिया घालतात. कमतरता असते लोहाची. आपल्या मातीत चुना भरपूर असतो, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) मातीत टाकलं तरी चुन्याशी अडकून वाया जातं, म्हणून ते फवारायचं: लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, १ ग्रॅम लिंबूसत्व, ताजं द्रावण, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, आठवड्याच्या अंतराने तीनदा. द्रावण विटकरी झालं तर ओतून द्या. फवारणीनंतर नवी पानं हिरवी येतात, जुनी तशीच राहतात. तेवढ्याने निराश होऊ नये. मातीतूनच लोह द्यायचं असेल तर दुकानात ‘चिलेटेड आयर्न’ एवढंच सांगून भागत नाही, पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघायचं. ईडीटीए प्रकारातलं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही. पैसे वाचवणारी माहिती आहे ही.

ऑक्टोबरमधली गुलाबाची छाटणी बघायला सभासद नसलेलेही येतात आणि मंडळ त्यांना अडवत नाही, हे आवडलं. परतीचा पाऊस थांबल्याशिवाय सिकेटर हातात घेऊ देत नाहीत. ओल्या दिवसांत कापलेली काडी वरून काळी पडत खाली मरत येते. आधी मेलेल्या, मग बारीक, मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायच्या. निरोगी तीन ते पाच फांद्या ठेवून त्या दीड फुटाच्या आसपास आणायच्या. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते तो कोंब) वर पाव इंच, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता. डोळ्याला चिकटून कापलं तर डोळा सुकतो, इंचभर वर कापलं तर वरचा खुंटका वाळतो आणि रोग तिथूनच शिरतो. कापलेल्या जागी गर पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली जायचं, पांढरा लागेपर्यंत.

कापांना लावायचा बोर्डो मलम तिथेच करून दाखवतात. दहा झाडांना १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम कळीचा चुना, १०० मिली पाणी पुरतं. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवायची. सुरीवर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. मलम त्याच दिवशी वापरायचा.

खुंटाची (ज्या जंगली गुलाबावर डोळा भरून कलम केलेलं असतं त्याची) फूट ओळखण्याबद्दल ते जे सांगतात तेही नेमकं आहे. ‘सात पानांची फूट जंगली’ हा ऐकीव नियम धरून लोक चांगल्या फांद्या कापतात. कितीतरी चांगल्या जातींना सात पानं असतात. माती बाजूला करून फूट डोळा भरलेल्या गाठीच्या वरून निघाली की खालून, ते बघायचं. खालून असेल तर कापायची नाही, बोटाने खाली ओढून मुळासकट तोडायची. कापली तर एकीच्या जागी तीन येतात.

छाटणीनंतरच्या खताबाबत मात्र मंडळाशी सहमत होता येत नाही. ते प्रत्येक कुंडीला मूठभर हाडांचा चुरा घालायला सांगतात. हाडांच्या चुऱ्यातला स्फुरद आम्ल मातीत सुटा होतो. आपल्या चुनखडीच्या मातीत तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. त्या पैशात निंबोळी पेंड आणि दोन ओंजळी गांडूळखत जास्त घाला. छाटणीपासून ४५ ते ५५ दिवसांत फुलं येतात, म्हणजे डिसेंबरची सुरुवात. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास फुलं हवी असतील तर छाटणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करावी लागते.

मृगाआधीची बियाण्यांची अदलाबदल हा मंडळाचा सगळ्यात सोलापुरी कार्यक्रम. एकाच टेबलावर अंबाडीच्या तीन पुड्या असतात: मराठी घरची ‘अंबाडी’, तेलुगू घरचा ‘गोंगुरा’ आणि अक्कलकोटकडून आलेली ‘पुंडी’. भाजी एकच, पण देठाचा रंग, पानांचा आंबटपणा बघून प्रत्येक घर आपलंच बी जपतं. पुडीवर नाव, कुठल्या गच्चीवरचं आणि कधी काढलं हे लिहिलेलं नसेल तर टेबलावर ठेवू देत नाहीत. संकरित वाणाच्या फळाचं बी घेत नाहीत, कारण पुढची पिढी तशीच येत नाही. दोडका, दुधी, काकडी यांचं बी देणाऱ्याला शेजारी त्याच भाजीचा दुसरा वाण होता का, हे विचारतात. मधमाशी दोन्हीकडे फिरते. उगवण तपासायला २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या. १४-१५ उगवल्या तर बी चांगलं. दहाच्या खाली असेल तर दुप्पट पेरा किंवा सोडून द्या. डाळिंबाच्या काड्या आणि गुटी कलमं (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून केलेली रोपं) मात्र टेबलावर चालत नाहीत. तेल्या रोग कलमांतूनही पसरतो आणि आजूबाजूचा सगळा जिल्हा डाळिंबाचा. हा नियम कडक वाटतो, पण योग्य आहे. डाळिंबाविषयी कुणाला जास्त विचारायचं असेल तर केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे बोट दाखवतात.

उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीच्या बैठकीतच. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, सात फूट उंचीवर, आणि पश्चिमेची बाजू खालपर्यंत झाकलेली. दुपारचं तिरपं ऊनच जास्त भाजतं. ७५ टक्क्यांची लावली तर टोमॅटो, वांगी नुसती उंच होतात आणि फूल धरत नाहीत. काळ्या ग्रो-बॅगांना बाहेरून पांढरं कापड किंवा गोणपाट गुंडाळायचं. मातीवर दोन इंच भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. शेंगाचटणीच्या गावात टरफलांना तोटा नाही आणि तेलघाणीवर पोत्याने मिळतात. टरफलं खोडाला चिकटू द्यायची नाहीत आणि कुंडी विटांवर ठेवायची, नाहीतर वाळवी लागते.

आता उणिवा. गुटी कलमाचा वर्ग गर्दीने वाया जातो. तीस माणसं आणि तीन चाकू. साल गोल काढल्यावर आतला बुळबुळीत थर खरवडून काढणं ही त्यातली खरी मेख, आणि मागे उभ्या असलेल्यांना तीच दिसत नाही. तो थर राहिला की साल पुन्हा जुळते आणि महिन्याने प्लॅस्टिक सोडलं तर एक मूळ नाही. दहा-दहाच्या तुकड्या करायला हव्यात.

किडींचा वर्गही कच्चा आहे. सगळ्याला निंबोळी तेल हे एकच उत्तर. लिटरला ५ मिली तेल आणि थोडा साबण हे प्रमाण ठीक, पण एप्रिलच्या दुपारी फवारलं तर पानं भाजतात, हे स्पष्ट सांगायला हवं. जास्वंदावरचा पिठ्या ढेकूण आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि जुन्या ब्रशने काढावा लागतो, मेणाच्या थराखाली तेल पोचत नाही. लाल कोळीला तर पानांच्या खालून रोज पाणी मारणं हाच अर्धा उपाय.

एकत्र खरेदीतून जरा जपून. यंदा एका रोपवाटिकेतून आणलेल्या टोमॅटोच्या रोपांच्या मुळांना सूत्रकृमीच्या गाठी निघाल्या. मंडळाने पैसे परत केले, पण रोपं वाटण्याआधी दोन-चार उपटून मुळं बघितली असती तर कुणाच्या कुंडीतली माती खराब झाली नसती.

सभासद व्हायचं तर मे महिन्यात व्हा. बियाणं मृगाआधी वाटलं जातं आणि कुंडी भरण्याचा वर्ग लगेच मागोमाग असतो. पहिल्या दिवशी येताना घरच्या पाण्याची एक बाटली आणि सगळ्यात आजारी कुंडीतली ओंजळभर माती घेऊन या.