जिवापाड जपलेली गाडी: मशीनवर धुवावी की हातानं?

रोजच्या धावपळीच्या गाडीसाठी हा प्रश्न फार अवघड नाही. जिथं वेळ वाचेल तिथं धुवून घ्यावी. पण दारात वडिलांच्या वेळची मारुती ८०० असेल, राखून ठेवलेली अँबेसेडर असेल किंवा हौसेनं घेतलेली नवी काळी गाडी असेल, तर जरा थांबून विचार करायला हवा. माझं मत आधीच सांगतो. आपल्या मराठवाड्यात अशी गाडी स्वतःच्या हातानं, सावलीत धुवावी. मशीनचाही उपयोग आहे, पण तो बराचसा गाडीच्या पोटाखाली.

आजकालच्या गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. मिलिमीटरचा विसावा भागसुद्धा जेमतेम भरतो. आपल्याला दिसणारी झळाळी याच थराची. त्यावर मुरमाचा बारीक कण दाबून फिरला की ओरखडा उठतो. एकटा ओरखडा नजरेत भरत नाही, पण असे शेकडो झाले की उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं चमकतात. पॉलिशनं ती जातात, मात्र पॉलिश करणं म्हणजे तोच थर आणखी घासून पातळ करणं.

म्हणून मशीन असो वा हात, बघायचं एकच: कपडा किंवा ब्रश लागण्याआधी धूळ पाण्यानं सुटली होती का?

फिरत्या ब्रशांनी गाडी घासणाऱ्या रोलरच्या मशीनमध्ये इथंच घोडं अडतं. तुमच्या आधी शिवारातून आलेली, काळ्या मातीनं माखलेली जीप त्यात धुतली गेली असेल, तर तिची खर, म्हणजे बारीक टणक कण, ब्रशमध्ये उरलेली असू शकते. नायलॉनपेक्षा फोमचे ब्रश मऊ असतात, पण खर ती खरच. ब्रशच न लावणाऱ्या, नुसत्या प्रेशरच्या मशीनमध्ये ही भीती नाही. तिथं घासणी नसल्यामुळं सगळी भिस्त रसायनावर, त्यामुळं शाम्पू जहाल वापरतात. तो रंगाच्या रक्षणासाठी लावलेला वॅक्स उतरवतो, आणि तरीही धुळीचा एक पातळ पापुद्रा मागं राहतोच. मोठ्या मशीनची एक बाजू मात्र मला मनापासून पटते. बऱ्याच ठिकाणी पाणी गाळून पुन्हा वापरायची सोय असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरसारख्या शहरात ही गोष्ट साधी नाही.

तालुक्याच्या गावात बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. असतो तो रॅम्प, प्रेशर पंप, फोम आणि स्पंज घेऊन उभा असलेला पोरगा. याला लोक हातानं धुतलेली गाडी म्हणतात, पण टायर पुसलेलं फडकं दारावर फिरतं, खाली पडलेला स्पंज तसाच बादलीत बुडतो. पोरं मेहनती असतात, पण एकामागं एक गाड्या उभ्या असताना तुमच्या बॉनेटसाठी वेगळा कपडा कोण काढणार? शिवाय खालून डिझेल मारायची पद्धत आहे. ती साफ नाकारा, डिझेलनं खालच्या सांध्यांमधले रबराचे बुश फुगतात.

घरी धुताना दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची. आधी वरून पाणी सोडून धूळ वाहू द्या. मग टपापासून खाली या, मायक्रोफायबरचा हातमोजा सरळ रेषेत फिरवा आणि प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून घ्या. त्या बादलीच्या तळाशी बसलेली वाळू एकदा बघा, म्हणजे दुसरी बादली कशाला ते कळेल. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण नको, दोन्ही वॅक्स काढून टाकतात. पाइप मिनिटाला १५ लिटर सोडत असेल तर १० मिनिटांत १५० लिटर जातात. दोन बादल्या आणि मगानं बेतानं सोडलेलं पाणी धरलं तर ५०-६० लिटरमध्ये भागतं.

आपल्याकडची खरी गोम बोअरच्या पाण्यात आहे. ते जड असतं. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर ते सुकलं की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात, आणि तसेच राहिले तर रंगात खातात. त्यामुळं सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर धुवा, आणि पाणी सुकायच्या आत टॉवेलनं टिपून घ्या.

पावसाळ्यात मात्र हात कमी पडतो. चाकांच्या वरच्या पोकळीत बसलेली काळी माती वाळली की दगड होते, ओलावाही धरून ठेवते. पत्रा तिथूनच गंजायला लागतो. अशा वेळी सेंटरवर फक्त खालून प्रेशर मारून घ्या आणि वरची बॉडी घरी धुवा. साखर कारखान्याजवळ राहत असाल, तर गाळप हंगामात टपावर पडणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख कोरड्या फडक्यानं कधीच झटकू नका. तिच्यात वाळूसारखी टणक सिलिका भरपूर असते.

जुन्या गाडीला तर रोलरच्या मशीनमध्ये नेऊच नका. बाहेर काढलेली एरियल मोडते, दारांची वाळलेली रबरं पाणी आत सोडतात. जुन्या साध्या रंगावर अनेकदा क्लिअर कोटही नसतो. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागला तर तसंच समजा, आणि तिथं घासाल तो थेट रंगच. फ्लॅटमध्ये राहता, धुवायला जागा नाही, अशी अडचण असेल तर रॅम्पवाल्याला सांगून फक्त पाणी आणि फोम मारून घ्या, हातमोजा आणि टॉवेल घरून न्या आणि पुसायचं काम स्वतः करा.