ब्लॅक बुकसाठी जामोवी वापरलं, आणि चौथं चॅप्टर माझं मी लिहिलं

टीवायबीएमएसचं (बीएमएसच्या तिसऱ्या वर्षाचं) शेवटचं सेम लागलं की ब्लॅक बुकचे, म्हणजे बांधून सबमिट करायच्या प्रोजेक्ट रिपोर्टचे, पहिले तीन चॅप्टर कसेही पुढे सरकतात. प्रस्तावना होते, रिसर्च मेथडॉलॉजी होते, लिटरेचर रिव्ह्यूसाठी पेपर सापडतात. गाडी अडते ती चौथ्याला, म्हणजे डेटा अ‍ॅनालिसिसला. गूगल फॉर्मचे पाय चार्ट एकाखाली एक चिकटवायचे आणि प्रत्येकाखाली ‘वरील आकृतीवरून असे दिसते की’ लिहायचं, ही आमच्याकडची रूढ पद्धत. माझ्या गाईड मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, ‘हायपोथिसिस लिहिलंयस ना, मग ते टेस्ट करून दाखव.’ म्हणजे आधी मांडलेला अंदाज आकड्यांवर तपासून दाखव. त्यासाठी मी जामोवी नावाचं आकडेवारी तपासायचं मोफत सॉफ्टवेअर वापरलं. यंदा ज्यांचं ब्लॅक बुक आहे त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू.

आधी माझा विषय सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझे पप्पा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी आहेत. आम्ही राहतो कोपरखैरण्याला, गाव सातारा जिल्ह्यातलं. ‘माथाडी कामगारांच्या बचतीच्या सवयी’ हा विषय मी घेतला. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे मजुरी माथाडी बोर्डातून येते आणि मालकाने मजुरीवर भरलेल्या जादा रकमेतून, म्हणजे लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी निघते, हे आमच्या घरात लहानपणापासून बोललं जातं. पण हातात आलेल्या पैशाचं लोक पुढे काय करतात, भिशी लावतात, पतपेढीत ठेवतात, बँकेत एफडी करतात की आता एसआयपीकडे वळतात, आणि वयाप्रमाणे त्यात फरक पडतो का, हे मला बघायचं होतं.

फॉर्मचा कच्चा मसुदा घरी वाचून दाखवला तेव्हा पप्पा म्हणाले, ‘अगं, भिशी पण असते आणि पतपेढी पण असते. एकच कशी निवडायची माणसानं?’ म्हणून तो प्रश्न ‘लागू असतील ते सगळे निवडा’ असा केला. दुपारी गाड्या खाली होऊन टोळ्या जरा टेकल्या की मी मार्केटमध्ये जायचे, प्रश्न वाचून दाखवायचे आणि मोबाईलवर भरून घ्यायचे. मुकादम काकांनी टोळीला बसवून घेतलं नसतं तर एवढे फॉर्म भरले गेलेच नसते.

आता सॉफ्टवेअर. जामोवी मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि आतून आर या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं, पण आपल्याला कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. डावीकडे एक्सेलसारखा तक्ता, उजवीकडे निकाल. वरच्या पट्टीत टी-टेस्ट, अ‍ॅनोव्हा, रिग्रेशन, फ्रिक्वेन्सीज, फॅक्टर असे मेन्यू. ब्लॅक बुकला लागणाऱ्या बहुतेक टेस्ट एवढ्यातच मिळतात.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती काय-स्क्वेअर, म्हणजे दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का हे तपासणारी टेस्ट. कार्ल पिअर्सनने १९०० साली मांडलेली ही टेस्ट अजूनही कॉमर्सच्या प्रोजेक्टमध्ये सर्रास लागते. एक्सेलमध्येही ती होते, पण तिथे अपेक्षित संख्यांचा तक्ता आपणच आधी मांडावा लागतो आणि मग फॉर्म्युला फक्त पी-व्हॅल्यू देतो (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून जास्त तफावत निघण्याची शक्यता; ती साधारण ०.०५ च्या खाली असेल तरच संबंध आहे असं धरतात). जामोवीमध्ये वयोगट एका चौकटीत टाकला, ‘भिशी आहे का’ दुसऱ्या चौकटीत टाकलं, की तक्ता समोर. ‘सेल्स’मध्ये (तक्त्याच्या खणांच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पेक्टेड काउंट्सवर टिक केलं की प्रत्येक आकड्याखाली अपेक्षित आकडा येतो.

ही टिक मला फार मोलाची वाटते. समजा १०० माणसं आहेत. त्यातली ४० चाळिशीच्या आतली आणि एकूण ५० जण भिशीवाले. वयाचा आणि भिशीचा काहीच संबंध नसेल, तर चाळिशीच्या आतले भिशीवाले किती असायला हवेत? ४० गुणिले ५० भागिले १००, म्हणजे २०. प्रत्यक्षात १२च निघाले तर तफावत ८ ची. अशी प्रत्येक खणातली तफावत घेऊन टेस्ट ठरवते की हा योगायोग असू शकतो की नाही. हे पुस्तकात मी पाठ केलं होतं. माझ्या मार्केटमधल्या माणसांचे आकडे एकाखाली एक बघितले तेव्हा ते खरं कळलं. एसआयपीच्या तक्त्यात पन्नाशीपुढच्या खणात अपेक्षित आकडा ५ पेक्षा खाली गेला. २० टक्क्यांहून जास्त खण असे निघाले तर काय-स्क्वेअरच्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही. मग तिथेच फिशरच्या टेस्टवर टिक करायची, ती लहान आकड्यांनाही चालते आणि त्याच पानावर आहे. टेस्ट का बदलली याचं एक वाक्य मी चॅप्टरमध्ये लिहिलं.

लायकर्ट स्केलचे (‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पर्यायांचे) प्रश्न असतील तर फॅक्टर मेन्यूत रिलायबिलिटी अ‍ॅनालिसिस आहे, त्यातून क्रोनबॅक अल्फा निघतो, म्हणजे सगळे प्रश्न मिळून एकच गोष्ट कितपत मोजतात त्याचा आकडा. उलट अर्थाचं विधान असेल, उदाहरणार्थ ‘मला बँकेत जायला संकोच वाटतो’, तर ते रिव्हर्सच्या चौकटीत वेगळं टाकायचं. अल्फा ०.७ च्या वर असावा असं साधारण धरतात.

निकालाच्या तक्त्यावर राईट क्लिक करून कॉपी केलं की वर्डमध्ये तो नीट, फक्त आडव्या रेघांचा असा उतरतो. मॅडमना तो तसाच आवडला. डेटात एखादी चूक दुरुस्त केली की उजवीकडचे सगळे निकाल आपोआप बदलतात, पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. आणि डेटा व निकाल एकाच फाईलमध्ये सेव्ह होतात.

त्रासही आहेत, ते सांगायलाच हवेत. ‘लागू असतील ते सगळे निवडा’ या प्रश्नाची उत्तरं गूगल फॉर्म एकाच खणात स्वल्पविराम टाकून देतो. जामोवीला ‘भिशी, पतपेढी’ हा वेगळा प्रकार वाटतो आणि ‘भिशी, पतपेढी, एफडी’ हा आणखी वेगळा. त्यामुळे आधी एक्सेलमध्ये भिशीचा एक कॉलम, पतपेढीचा एक कॉलम, असं हो-नाही करून घ्यावं लागतं. वेळ खाणारं काम आहे, हाताशी एक पूर्ण संध्याकाळ ठेवा. दुसरं म्हणजे कॉलम नॉमिनल (नुसते प्रकार), ऑर्डिनल (क्रम असलेले प्रकार) की कंटिन्युअस (मोजलेले आकडे), हे सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं आणि ते दरवेळी बरोबर असतंच असं नाही. प्रत्येक कॉलमवर डबल क्लिक करून तपासा. वयोगटांचा क्रमही तिथेच बाणांनी लावता येतो. फॉर्ममधली मराठी उत्तरं सीएसव्हीमधून थेट एक्सेलमध्ये उघडली की अक्षरांचा चुथडा होऊ शकतो, म्हणून शीटमधून एक्सेल फाईलच डाउनलोड करा. आलेख ठीकठाक आहेत, फार देखणे नाहीत. ते मी एक्सेलमध्येच काढले.

मोबाईलवर हे काम होत नाही, लॅपटॉप लागतो. माझ्याकडे स्वतःचा नव्हता, मामेभावाचा आणला होता. ब्राउझरमध्ये चालणारी क्लाउड आवृत्तीही आहे, पण तिला चांगलं नेट हवं.

आता पैशांबद्दल. आमच्या भागात एका झेरॉक्सच्या दुकानात तयार ब्लॅक बुक मिळतात. विषय सांगा, नाव बदलून बाइंडिंगसकट घेऊन जा. ‘अ‍ॅनालिसिस पण करून देतो’ असं मलाही सांगितलं गेलं. डेटा कुठून आणणार विचारलं, तर उत्तर होतं, ‘तो आम्ही बसवतो.’ मला हे मनापासून चुकीचं वाटतं. ५० किलोची गोण पाठीवरून उतरवून, घाम पुसून माझ्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या माणसांच्या जागी कुणीतरी बसवलेले आकडे छापायचे, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी चौथं चॅप्टरच उघडलं. ‘हा खालचा आकडा कसला?’ मी एक्स्पेक्टेड काउंट सांगितला, गुणाकार-भागाकार बोलून दाखवला. मग विचारलं, ‘भिशीच्या बाबतीत तर पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर आहे. म्हणजे तुझं हायपोथिसिस गेलं?’ मी म्हटलं, ‘सर, वयाचा आणि भिशीचा संबंध या डेटातून सिद्ध होत नाही, एवढंच म्हणता येईल. मार्केटमध्ये पोरगं असो की म्हातारा, टोळीची भिशी सगळेच लावतात.’ सर हसले आणि भिशी उचलायचा क्रम कसा ठरतो ते विचारत बसले. चिठ्ठीची पद्धत आणि बोलीची पद्धत दोन्ही सांगितल्या.

माझ्याकडून जामोवीला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो स्वल्पविरामाच्या भानगडीसाठी. एमबीएवाल्यांना मोठं मॉडेल बांधायचं असेल तर त्यांनी गाईडना विचारूनच ठरवावं. बीएमएस, बीकॉम, बीएएफच्या सर्व्हे प्रोजेक्टला हे पुरून उरतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये वापरणार असाल तर तिथल्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायला परवानगी लागते. तो अर्ज फॉर्म वाटायला सुरुवात कराल त्याच आठवड्यात देऊन टाका. सबमिशनच्या तोंडावर लॅबमध्ये कुणालाच वेळ नसतो.