जळगावातील अभ्यासवर्ग : ईश्वर आणि काळ

जळगावातील एका वाचनालयाने इस्लामी तत्त्वज्ञानातील ईश्वर आणि काळ यांच्या संबंधावर घेतलेला चार सायंकाळचा अभ्यासवर्ग मला मनापासून आवडला. दुसरी सायंकाळ सर्वांत रंगली. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली फिरवत सरांनी इब्न सीना (मृत्यू १०३७) यांचा विचार उलगडला : हात आणि किल्ली एकाच क्षणी फिरतात, तरीही किल्ली हातामुळे फिरते, त्याचप्रमाणे ईश्वर विश्वाच्या आधी आहे तो कारण म्हणून, काळाच्या मोजणीने नव्हे, आणि म्हणूनच विश्व अनादी असूनही ईश्वरावरच अवलंबून राहते. अल-गझाली (मृत्यू ११११) यांना हे अमान्य होते. विश्वाला आरंभ आहे आणि काळही निर्मितच आहे, त्यामुळे ‘त्यापूर्वी किती काळ लोटला’ हा प्रश्नच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे.

नंतरचे तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनी अल-गझालींना दिलेले प्रत्युत्तर मात्र घाईत उरकले गेले, आणि इराणी तत्त्वज्ञ मीर दामाद यांच्या सरमद (ईश्वराची कालातीत नित्यता), दहर (नित्य आणि बदलते यांना जोडणारी मधली पातळी) व जमान (आपला बदलता काळ) या तीन पातळ्यांना शेवटची वीस मिनिटेच मिळाली, याची खंत वाटते. मे महिन्यातील उकाड्यात पंखेही अपुरे होते. तरीही यावलहून येणाऱ्या एका केळी उत्पादक काकांनी, ईश्वर काळापलीकडे असेल तर आपली प्रार्थना तो ‘नंतर’ ऐकतो का, असे विचारले, तेव्हा सरांनी वेळ संपल्यावरही अर्धा तास थांबून उत्तर दिले.