सामायिक डॉक्युमेंट की ऑनलाइन फलक? नववीच्या वर्गापुरतं सांगायचं तर

मुलांकडून गटात काही लिहून घ्यायचं म्हटलं की आपल्यापुढे साधारण दोन वाटा असतात. सगळ्यांनी मिळून लिहायचं एकच डॉक्युमेंट, नाहीतर पॅडलेटसारखा फलक, जिथे प्रत्येकानं आपापली चिठ्ठी लावायची. सांगलीत मी दोन्ही वापरलेत, तेही एकाच विषयासाठी: २०१९ चा महापूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आता नववीत असलेली पोरं तेव्हा दुसरी-तिसरीत होती. त्यामुळे घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही.

सलग लेखनाला डॉक्युमेंटच चांगलं, यात वाद नाही. ओळीशेजारी शेरा टाकता येतो, दुरुस्ती सुचवता येते, मूल ती स्वतः करतं. अहवालाचा शेवटचा खर्डा मी अजूनही त्यातच करून घेतो.

अडचण येते ती अख्खा वर्ग एकदम त्यात शिरल्यावर, मग ते डॉक्युमेंट कुठल्याही कंपनीचं असो. मुलं मोबाइलवर लिहितात. अंगठ्यानं मजकूर निवडताना वरचा दुसऱ्याचा परिच्छेदही निवडला जातो आणि पुढचं अक्षर उमटताच सगळं गायब. ते 'अन्डू' करायचं तर ज्यानं पुसलं त्याच्याच फोनवरून, आणि त्याला पुसल्याचा पत्ताच नसतो. जुनी आवृत्ती परत आणावी, तर मधल्या वेळात इतरांनी लिहिलेलंही मागे जातं. कुणी पुसलं ते बघायला जावं, तर तिथे कुणाच्या तरी वडिलांचं नाव, कारण फोन त्यांचा आणि खातंही त्यांचंच. एका मुलीनं आजोबांना विचारून हरभट रोडवरच्या दुकानातला माल माडीवर कसा चढवला ते छान लिहिलं होतं. ते गेलं. पुन्हा लिहायला सांगितल्यावर तिनं तीन ओळींत उरकलं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

फलकावर हे होत नाही. फक्त लिहिण्याची परवानगी दिली की ज्याची चिठ्ठी त्यालाच बदलता येते. शिवाय फलक नकाशाच्या रूपातही मांडता येतो. मारुती चौक, कर्नाळ रोड, सांगलीवाडी, जिथे ज्याचं घर तिथे त्याची आठवण. ज्यांच्या आजीला लिहिता येत नाही, त्यांनी तिचा आवाजच चिठ्ठीला जोडला. असं काही डॉक्युमेंटमध्ये सहज जमलं असतं असं मला वाटत नाही.

फलकात उणिवा आहेतच. खात्याशिवाय लिहिलं तर नाव दिसत नाही. म्हणून मथळ्यात हजेरी क्रमांक टाकायची सवय लावावी लागते. फुकट खात्यात मोजकेच फलक मिळतात. चिठ्ठी शिक्षकानं पाहिल्यावरच सगळ्यांना दिसेल अशी सोय आहे, ती सुरुवातीलाच चालू करून ठेवा.

तुमच्याकडे संगणक कक्ष असेल आणि प्रत्येक मुलाचं शाळेचं खातं असेल, तर कदाचित तुमचं मत वेगळं पडेल. पालकांच्या फोनवर चालणाऱ्या वर्गाला मात्र मी आधी फलकच सुचवेन. फक्त प्रकल्प संपला की त्याची पीडीएफ आणि आवाजाच्या फाइली शाळेच्या संगणकावर उतरवून घ्या. गूगलचा जॅमबोर्ड हा असाच ऑनलाइन फलक ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला.